कॅप्सूल मशीनची कॉफी पुन्हा पुन्हा पाणचट होते? मशीन विकण्याआधी हे तपासा

तक्रार जवळपास ठरलेली असते. मशीन नवं होतं तेव्हा कॉफी झकास यायची. वर्षभरात ती पातळ लागायला लागली, धार बारीक झाली, कप हातात घ्यावा तर कोमट. कोणीतरी सुचवलं म्हणून सफाई झाली, पंधरा दिवस बरे गेले, पुन्हा तेच. मग घरात दोन तट पडतात. एक म्हणतो मशीन काढून टाकू आणि दाणे दळून कॉफी करू. दुसरा म्हणतो सकाळच्या घाईत दळत कोण बसणार?

दोघांनीही थोडं थांबावं. पाणचट कॉफीची कारणं मुख्यतः तीन: यंत्राच्या नळ्यांत साचलेले क्षार, कॅप्सूलपाशी बिघडलेली पाण्याची वाट, आणि एका कॅप्सूलकडून ती देऊ शकणार नाही एवढ्या कॉफीची अपेक्षा. पहिली दोन घरी दुरुस्त होतात. तिसरं कारण कितीही सफाई केली तरी जात नाही, आणि ज्या घरांत मी हा प्रश्न पाहिला तिथे बहुतेक वेळा खरं कारण तेच निघालं.

रिकाम्या मशीनची चाचणी

टाकी भरा, ती खाली नीट दाबून बसवा आणि कॅप्सूल न घालता लहान कपाचं बटण दाबा. खाली मिलिलिटरच्या खुणा असलेलं कुठलंही भांडं ठेवा. कॅप्सूल गरगर फिरवणारं व्हर्च्युओ पद्धतीचं मशीन असेल तर ते सफाईच्या मोडवर चालवा. मग हेच कॅप्सूल घालून करा आणि दोन्ही धारांची तुलना करा.

दोन्ही वेळा धार बारीक, तर आत क्षार साचले आहेत. रिकामं असताना धार मोकळी आणि कॅप्सूल घातल्यावर अडखळते, तर अडथळा कॅप्सूलपाशी आहे. उलट कॅप्सूल घालूनही पाणी भसाभस येतं, रंग फिका आणि वापरलेल्या कॅप्सूलच्या डब्यात नेहमीपेक्षा जास्त पाणी साचलेलं, तर पाणी कॉफीतून न जाता कॅप्सूलच्या बाजूने निसटतंय. पंप मोठ्याने घरघरतोय आणि पाणीच येत नाही, तर टाकी मध्येच रिकामी झाल्यामुळे पंपात हवा अडकलेली असते. टाकी भरून, कॅप्सूलशिवाय, मोठ्या कपाचं बटण तीन-चार वेळा दाबलं की बहुतेक वेळा पाणी धरतं.

भांड्यातलं पाणी मोजायला विसरू नका. बऱ्याच मशीनमध्ये बटण दाबून धरलं की कपाचं नवं माप लक्षात ठेवलं जातं. घरातल्या लहान मुलाने किंवा पाहुण्याने बटण जरा जास्त वेळ दाबून धरलं, की 40 मिलिलिटरचं माप 70 होऊन बसतं आणि त्या दिवसापासून प्रत्येक कप पातळ. सफाईने हे सुटणार नाही. माहितीपुस्तिकेत मूळ माप परत आणायची कृती दिलेली असते, ती करा.

क्षार परत परत का येतात

पाणी तापलं की त्यात विरघळलेल्या कॅल्शियम बायकार्बोनेटचं कॅल्शियम कार्बोनेट होतं आणि ते तापलेल्या धातूवर बसतं. गिझरच्या कॉइलवर दिसणारा पांढरा थर तोच. कॅप्सूल मशीनमधल्या नळ्या फार अरुंद असतात, म्हणून तिथे तो लवकर जाणवतो: वाट अरुंद झाली की धार बारीक, आणि थर उष्णता अडवतो म्हणून पाणी कोमट.

पिण्याच्या पाण्याच्या भारतीय मानकात, आयएस 10500 मध्ये, एकूण कठीणपणा, म्हणजे पाण्यातल्या कॅल्शियम-मॅग्नेशियमच्या क्षारांचं प्रमाण, लिटरमागे 200 मिलिग्रॅमपर्यंत इष्ट मानला आहे आणि दुसरा स्रोत नसेल तर 600 पर्यंत चालवून घेतला आहे. म्हणजे पिण्याला योग्य असलेलं पाणीही मशीनला जड जाऊ शकतं. 300 मिलिग्रॅमचं पाणी रोज अर्धा लिटर वापरलं, तर तीन महिन्यांत साडेतेरा ग्रॅम खनिज त्या नळ्यांतून जातं. सगळं आत बसत नाही, पण थोडं बसलं तरी पुरे.

पुण्यात किंवा मुंबईत राहणाऱ्यांना याचा एक विशेष फटका बसतो. खडकवासल्याचं किंवा भातसा-तानशाचं पाणी मऊ, म्हणजे कमी क्षारांचं असतं, मशीन निवांत चालतं. उन्हाळ्यात टँकर सुरू झाला की सोसायटीच्या त्याच टाकीत बोअरचं पाणी येतं. नळ तोच, पाणी वेगळं. दर एप्रिल-मेनंतर मशीन ‘बिघडतं’ त्यामागे अनेकदा एवढंच असतं. दख्खनच्या काळ्या पाषाणातून उपसलेलं पाणी बहुतेक ठिकाणी जड असतं, त्यामुळे जिथे बारमाही बोअर आहे तिथे सफाईचं वेळापत्रक पुस्तिकेपेक्षा आधीचं ठेवावं.

वॉरंटी चालू असेल आणि कंपनीने स्वतःचंच द्रावण सांगितलं असेल तर तेच वापरा. नसेल तर किराणा दुकानात लिंबूफूल किंवा सायट्रिक ॲसिड म्हणून मिळतं ते चालतं: 1 लिटर पाण्यात साधारण 20 ग्रॅम, म्हणजे दीड टेबलस्पून. जास्त घातलं तर जास्त साफ होईल असं नाही. उकळत्या पाण्यात तर अजिबात नको, कारण गरम आणि तीव्र द्रावणात कॅल्शियम सायट्रेट तयार होऊन तेच नळीत बसू शकतं. व्हिनेगर टाळा, त्याचा वास रबरात राहतो आणि रबर खराबही होतं. काही जण लिंबूफुलात खाण्याचा सोडा मिसळतात. फेस भरपूर येतो, पण आम्ल आणि सोडा एकमेकांना निकामी करतात आणि क्षार जिथल्या तिथे राहतात.

अर्धं द्रावण मशीनमधून सोडा, मशीन बंद करून पंधरा-वीस मिनिटं तसंच राहू द्या, मग उरलेलं सोडा. हा मधला थांबा गाळला की वरवरची सफाई होते आणि पंधरा दिवसांत तक्रार परत येते. त्यानंतर साध्या पाण्याच्या दोन टाक्या सोडा. मशीनला सफाईचा मोड असेल तर तो शेवटपर्यंत पूर्ण होऊ द्या. मध्येच प्लग काढला तर दिवा लुकलुकत राहतो आणि काही मशीन त्यापुढे कॉफीच देत नाहीत.

सफाईनंतर धार आधीपेक्षाही बारीक झाली तर घाबरू नका. सुटलेल्या क्षाराचे तुकडे वाहत येऊन कॅप्सूलला भोक पाडणाऱ्या सुयांपाशी अडकलेले असतात. प्लग काढा, तो भाग मऊ टूथब्रशने स्वच्छ करा, बारीक टाचणीने सुयांची भोकं मोकळी करा आणि रिकामं पाणी सोडा.

आता पुढचं पाणी. आरओचं पाणी घातलं की क्षारांचा प्रश्न जवळजवळ मिटतो, पण ज्या आरओमधून 20-30 टीडीएसचं (लिटरमागे तेवढे मिलिग्रॅम विरघळलेले क्षार असलेलं) पाणी येतं त्यात कॉफी बेचव लागते; कॉफीतला अर्क उतरवायला पाण्यात थोडं कॅल्शियम-मॅग्नेशियम लागतं. स्पेशालिटी कॉफी असोसिएशनच्या शिफारशीत 150 टीडीएसच्या आसपासचं पाणी आदर्श मानलं आहे. आरओच्या पाण्यात साधं गाळलेलं पाणी मिसळून 80 ते 120 पर्यंत आणलं तर चव आणि मशीन दोन्ही सांभाळली जातात. हेच पाणी दळलेल्या कॉफीलाही वापरा. कपात 98 टक्क्यांहून जास्त पाणीच असतं, त्यामुळे दाण्यांवर पैसे खर्च करून पाण्याकडे दुर्लक्ष करणं मला पटत नाही.

कॅप्सूलपाशीचे घोळ

वापरलेली कॅप्सूल आत तशीच ठेवून मशीन बंद करायची सवय असेल तर ओला चोथा सुकून सुयांना चिकटतो. शेवटचा कप झाला की कॅप्सूल पाडा आणि एकदा रिकामं पाणी सोडा. पाणी बाजूने निसटत असेल तर आतली रबरी कड पुसून बघा. कडक झाली, चिरली असेल तर सर्व्हिस सेंटरमधून बदलून घ्यावी लागते. त्याच मशीनसाठी दुसऱ्या कंपन्यांनी केलेल्या स्वस्तातल्या कॅप्सूलची कड मूळ कॅप्सूलएवढी घट्ट बसत नाही असंही होतं. त्याच मशीनमध्ये एक मूळ कॅप्सूल घालून पाहिली की दोष कुणाचा ते लगेच कळतं.

पुन्हा भरायच्या स्टीलच्या कॅप्सूलबद्दल सविस्तर सांगायला हवं, कारण आपल्याकडे त्या खर्च वाचवायला घेतल्या जातात आणि त्यात हाताशी असलेली फिल्टर कॉफीची पूड भरली जाते. त्या पुडीत बहुधा चिकोरी, म्हणजे एका वनस्पतीच्या भाजलेल्या मुळाची पूड असते. चिकोरी कॉफीपेक्षा जास्त विरघळते आणि दाबाखाली तिचा चिकट लगदा होतो, मग कॉफी थेंब थेंब येते. चिकोरी नसलेली पण जाडसर पूड भरली तर उलट घडतं: पाणी सर्रकन निघून जातं आणि कपात फिकं पाणी. या कॅप्सूलला एस्प्रेसोसाठी दळलेली, बोटांत चोळल्यावर अगदी किंचित रवाळ लागणारी शुद्ध कॉफी हवी. ती काठोकाठ भरायची, वरून सपाट करायची, हलकी दाबायची आणि कड पुसून झाकण लावायचं. कडेवर राहिलेला एखादा कणही पाण्याला बाजूने वाट देतो.

ग्रॅमचा हिशेब

धार चांगली, पाणी गरम, माप बरोबर आणि तरीही कॉफी पाणचट? मग मशीनला दोष देऊ नका.

नेस्प्रेसोच्या मूळ पद्धतीच्या कॅप्सूलमध्ये साधारण 5 ते 6 ग्रॅम कॉफी असते. नेस्लेतल्या एरिक फाव्रे यांनी 1976 मध्ये या पद्धतीचं पेटंट घेतलं आणि 1986 मध्ये ती बाजारात आली. डोळ्यांसमोर होता तो इटालियन एस्प्रेसोचा इवलासा कप: 25 किंवा 40 मिलिलिटर, फार तर 110 मिलिलिटरचा लुंगो, म्हणजे जास्त पाण्याचा एस्प्रेसो. आपला मग 200 ते 250 मिलिलिटरचा.

साडेपाच ग्रॅम कॉफीतून नीट उतरवलेला अर्क साधारण 20 टक्के धरला, तर कपात येतो 1.1 ग्रॅम. 40 मिलिलिटरमध्ये तो दमदार लागतो. 110 मध्ये 1 टक्क्यावर येतो, म्हणजे सौम्य. 200 मिलिलिटरमध्ये उरतो जेमतेम अर्धा टक्का. चांगल्या फिल्टर कॉफीत हे प्रमाण 1.15 ते 1.35 टक्के असावं असा जुना आणि टिकलेला निकष आहे. म्हणजे मगभर कॉफी निम्म्याहून कमी दाट होणारच, मशीन कितीही महाग असो.

इथे बहुतेक लोक त्याच कॅप्सूलवर दुसऱ्यांदा बटण दाबतात. त्याने कॉफी वाढत नाही. चांगला भाग आधीच निघून गेलेला असतो. दुसऱ्या पाण्यात उतरतो तो मुख्यतः कडवटपणा. पातळ आणि कडू अशी विचित्र चव लागते ती यामुळे. मोठा कप हवाच असेल तर 40 मिलिलिटरची कॉफी काढा आणि वरून वेगळं गरम पाणी घाला; चव सौम्य होईल, पण कडवट होणार नाही. दाट मग हवा असेल तर दोन कॅप्सूल, दुसरा उपाय नाही.

अमेरिकेतल्या मराठी घरांत क्युरिगचं कॅप्सूल मशीन जास्त दिसतं. त्याच्या कॅप्सूलमध्ये, म्हणजे के-कपमध्ये, साधारण 9 ते 12 ग्रॅम कॉफी असते, पण तिथेही हाच हिशेब. 10 ग्रॅमच्या कपावर 6 औंसाचं बटण दाबलं तर लिटरमागे 56 ग्रॅम पडतात, जे स्पेशालिटी कॉफीवाल्यांच्या 55 ग्रॅमच्या प्रमाणाशी जुळतं. 10 औंसाचं बटण दाबलं की तेच 34 वर येतं. क्युरिगवर पाणचट कॉफीची तक्रार असेल तर सगळ्यात लहान बटण दाबून बघा. खर्च शून्य आणि फरक त्याच कपात कळतो.

दूध घालणाऱ्यांची कोमट कॉफीची तक्रारही हिशेबाचीच आहे. 80 अंशांच्या 40 मिलिलिटर कॉफीत फ्रिजमधलं 5 अंशांचं 120 मिलिलिटर दूध घातलं तर मिश्रण 24 अंशांच्या आसपास येतं. हीटर बदलून काही होणार नाही. दूध 65 अंशांपर्यंत तापवून घाला, मिश्रण 68-69 अंशांवर राहील. जाड मग आधी गरम पाण्याने धुऊन घ्या, आणि सकाळच्या पहिल्या कपाआधी एकदा रिकामं पाणी सोडा, म्हणजे मशीनचा आतला भाग तापतो.

दळून करायची ठरवलीत तर

ज्यांना मगभर दाट कॉफी रोज हवी, त्यांनी दळून करावी असंच माझं स्पष्ट मत आहे. 250 मिलिलिटरला 15 ग्रॅम कॉफी घालता येते आणि तो हिशेब खिशालाही बरा पडतो. समजा कॅप्सूल 50 रुपयांना पडली, तर ग्रॅमला 9 रुपये झाले. 250 ग्रॅम दाणे 500 रुपयांना आणले तर ग्रॅमला 2 रुपये, अख्खा मग 30 रुपयांत.

पण एक गोष्ट मान्य करायला हवी. कॅप्सूल बंद करताना आत नायट्रोजन भरतात आणि ॲल्युमिनियमचं वेष्टण हवा आत येऊ देत नाही, त्यामुळे तिच्यातली कॉफी तितकी शिळी नसते. दुकानातून दळून आणलेली, महिनाभर डब्यात असलेली पूड तिच्यापेक्षा सरस ठरेलच असं नाही. दळल्यावर कॉफीचा सुगंध फार वेगाने उडतो. म्हणून दाणेच आणा, पाकिटावर भाजल्याची तारीख पाहून, आणि लागेल तेवढेच दळा. ताजेपणा ओळखायचा तर पुडीवर थोडं गरम पाणी ओता: फुगून बुडबुडे आले तर कॉफीत अजून कार्बन डायऑक्साइड आहे, म्हणजे ती ताजी. नुसतीच ओली होऊन खाली बसली तर जुनी. कोडगू-चिकमगळूरचे दाणे आता आपल्या शहरांत सहज मिळतात. विदर्भातल्या चिखलदऱ्यालाही कॉफीची लागवड आहे; तिकडे गेलात तर जरूर चाखून पाहा.

दळण्यासाठी दात्यांचा हातग्राइंडर सर्वांत चांगला. नसेल तर मिक्सरचं चटणीचं लहान भांडं घ्या. आधी त्यात मूठभर कोरडे तांदूळ फिरवा, म्हणजे मसाल्याचा वास जातो. दाणे दोन-तीन सेकंदांच्या झटक्यांनी दळा आणि प्रत्येक झटक्यानंतर भांडं हलवा. सलग फिरवलं तर पूड तापते आणि निम्मी पिठासारखी, निम्मी भरड होते. मैद्यासारखी पूड चाळणीने काढून टाका.

फ्रेंच प्रेससाठी (दांडीच्या जाळीने चोथा खाली दाबायचं भांडं) जाड्या रव्याएवढी दळा. 15 ग्रॅमवर उकळी येऊन अर्धा मिनिट थांबलेलं 250 मिलिलिटर पाणी ओता, चार मिनिटं ठेवा, दाबा, लगेच ओतून घ्या. चव आंबूस आणि पोकळ लागली तर पुढच्या वेळी थोडी बारीक दळा. जीभ कोरडी पडेल अशी कडू लागली तर थोडी जाड. नुसतीच पातळ लागली तर ग्रॅम वाढवा. एका वेळी एकच गोष्ट बदला, आणि चमच्याऐवजी वजनकाटा वापरा, कारण हलक्या आणि गडद भाजलेल्या कॉफीचा एकच चमचा वजनात वेगळा भरतो.

दूध-साखरेची कॉफी आवडत असेल तर मला फ्रेंच प्रेसपेक्षा दाक्षिणात्य पितळी किंवा स्टीलचा फिल्टर जास्त योग्य वाटतो. 20 ग्रॅम पुडीवर 100 मिलिलिटर गरम पाणी घातलं की दूध पेलेल एवढं दाट डिकॉक्शन उतरतं. ते उतरतच नसेल तर पूड फार बारीक आहे किंवा वरची दांडीची चकती जोराने दाबली गेली आहे. चकती नुसती ठेवायची असते. रात्री पाणी घालून ठेवलं की सकाळी डिकॉक्शन तयार, फक्त दूध तापवायचं. ‘सकाळी कोण बसणार’ या प्रश्नाला एवढं उत्तर पुरावं. डिकॉक्शन मात्र पुन्हा उकळू नका.

ज्या घरात एकट्याच माणसाला दिवसातून एकदा छोटा कडक कप लागतो, किंवा आजी-आजोबांची बोटं दुखतात आणि बटण दाबणंच सोयीचं आहे, तिथे मशीन ठेवावं. त्यांच्यासाठी ते खरोखर चांगलं साधन आहे.

बाहेरून आणलेलं मशीन असेल तर

अमेरिकेतून आणलेलं मशीन 120 व्होल्टचं असतं. नुसता प्लग बदलून ते आपल्या 230 व्होल्टवर लावलं तर जळेल. मशीनच्या वॅटहून मोठा स्टेप-डाउन (व्होल्टेज उतरवणारा) ट्रान्सफॉर्मर लागतो, आणि त्यावरही पंप 60 हर्ट्झऐवजी 50 वर चालत असल्याने धार थोडी मंद राहू शकते. दुबईहून आणलेलं व्होल्टेजच्या दृष्टीने चालतं, फक्त प्लग वेगळा. दीड हजार वॅटचं कुठलंही मशीन 16 अँपिअरच्या सॉकेटवरच लावा. गावाकडे व्होल्टेज 180 पर्यंत उतरत असेल तर हीटरची ताकद साठ टक्क्यांच्या आसपास राहते. अशा वेळी दिवा स्थिर होईपर्यंत थांबून मगच बटण दाबा.

मशीनच्या तळातून पाणी झिरपत असेल, तर मात्र वरचं काहीही करू नका. टाकीची झडप आणि ठिबक-ताटली कोरडी करून पाहा. तरी तळ ओला होत असेल तर आतली नळी किंवा सील सुटलं आहे, आणि तिथेच शेजारी हीटरच्या तारा असतात. प्लग काढा, ओल्या हाताने नाही, आणि सर्व्हिस सेंटरला द्या.